‘अ‍ॅसिड-फ्री’ टेप म्हणजे फोटो सुरक्षित?

‘टेपवर अ‍ॅसिड-फ्री लिहिलंय ना, मग फोटो फ्रेममधल्या बोर्डावर बसवताना बिनधास्त त्याच्या चारही कडांना लावा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

अ‍ॅसिड नसणं ही चांगलीच गोष्ट, पण खरा प्रश्न गोंदाचा असतो. दाबून चिकटणाऱ्या टेपचा गोंद काळाबरोबर बदलतो: काही पिवळे पडतात, काही कागदात मुरतात, काही कडेने पाझरतात. पॅकिंगची साधी टेप आणि मास्किंग टेप यांत सगळ्यात वाईट. फोटोला खरंच चालेल का, हे पाहायचं तर ‘फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट’ (आयएसओ 18916) उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख शोधा. तरीही ही चाचणी रासायनिक परिणाम तपासते. टेप पुढे सहज सुटेल याची हमी ती देत नाही.

दुसरी चूक चार कडांची. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो, आकसतो. चहूबाजूंनी जखडला की त्याला हलायला जागा उरत नाही आणि तो लाटांसारखा उचलला जातो. म्हणून फोटो फक्त वरच्या कडेला, दोन छोट्या बिजागऱ्यांवर, म्हणजे फोटो बोर्डाला जोडणाऱ्या दुमडलेल्या पट्ट्यांवर, टांगावा.

माझं मत विचाराल तर तेही टाळा. पॉलिएस्टरचे किंवा कागदी कोपरे, म्हणजे फोटोची टोकं आत सरकवायचे छोटे खिसे, वापरा. गोंद फक्त मागच्या बोर्डाला लागतो, फोटोला कधीच नाही, आणि हवा तेव्हा फोटो अलगद बाहेर काढता येतो. कोपऱ्यात किंचित मोकळीक मात्र ठेवा.