टीएमएससाठी नाव नोंदवताय? आधी जुन्या ऑपरेशनचा कागद शोधा

कोकेन किंवा एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थांची तलफ कमी व्हावी म्हणून टीएमएस, म्हणजे डोक्याशी कॉइल धरून मेंदूला चुंबकीय ठोके देण्याचा उपचार, मागायला लोक येतात आणि पहिल्याच चौकशीत परत फिरतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि सिगारेट सोडण्यासाठी २०२० मध्ये परवानगी दिली. कोकेनसाठी दिलेली नाही. म्हणून बहुतेकांसाठी वाट संशोधन-चाचणीचीच. सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदणीत चाचणी सापडते का, भरती सुरू आहे का, हे आधी पाहा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे मागितले, तर चाचणीवर देखरेख करणाऱ्या एथिक्स कमिटीला विचारा.

आधारकार्ड, जुनी प्रिस्क्रिप्शन्स, सोबत एक नातेवाईक, एवढं बहुतेकांकडे असतं. अडतं ते एका प्रश्नावर: डोक्यात धातू आहे का? अपघातात बसवलेली प्लेट, रक्तवाहिनीची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट. "आहे, पण कसला ते माहीत नाही" या उत्तरावर अर्ज थांबतो. एक्स-रेत धातू दिसतो, कुठला ते कळत नाही. ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. नियमाप्रमाणे ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मेख अशी की ते जपण्याचं बंधन तीनच वर्षांचं. दहा वर्षांपूर्वीची फाइल कुठून आणायची, हे सांगायला कुणी बांधील नाही!

फिट आली असेल तर लपवू नका, लहानपणची असली तरी. टीएमएसने फिट क्वचितच येते. पण कोकेन, रात्रभराचं जागरण, बुप्रोपिऑनसारखी नैराश्यावरची गोळी यांनी धोका वाढतो. शेवटचा वापर कधी, हेही खरं सांगा. लघवीत कोकेनचे अंश साधारण दोन ते चार दिवस सापडतात, त्यामुळे थाप तिथेच उघडी पडते.

मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत व्यसनाचा उपचार वगळलेला असतो.

पोलिसांची भीती असणाऱ्यांसाठी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ए आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात (कोकेन, एमडी दोन ग्रॅमपर्यंत) आरोपी असलेल्या व्यसनीने स्वतःहून व्यसनमुक्तीचा उपचार घेतला, तर खटल्यातून सूट मिळू शकते. मात्र संस्था सरकारी किंवा सरकारमान्य हवी. कोपऱ्यावरच्या खासगी टीएमएस क्लिनिकची पावती चालेलच असं नाही. उपचार अर्धवट सोडला तर सूट काढून घेतली जाऊ शकते, म्हणून हजेरीचा प्रत्येक कागद सही-शिक्क्यासह घ्या.