बॉम्बे सिव्हिल फंड आणि विधवांच्या पेन्शनचे गणित

1882 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ‘बॉम्बे सिव्हिल फंड ॲक्ट’ हा छोटासा कायदा केला. मुंबई इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर हा फंड चाले आणि सभासद वारला की त्याच्या विधवेला व मुलांना त्यातून पेन्शन मिळे. या कायद्याने फंडाची शिल्लक भारतमंत्र्यांकडे, म्हणजे लंडनमधल्या भारताचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याकडे गेली आणि देणी भारताच्या महसुलावर आली. लष्करी फंडांचे हस्तांतर 1866 च्या कायद्याने, तर मुलकी अधिकाऱ्यांच्या ॲन्युइटी (दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम) फंडांचे 1874 च्या कायद्याने आधीच झाले होते.

अशा फंडाचे गणित अवघड असते. तिशीतली विधवा पुढे पन्नास वर्षे जगू शकते, म्हणजे आजच्या वर्गणीवर अर्ध्या शतकाचे देणे उभे राहते. म्हणून ठरावीक वर्षांनी ॲक्चुअरीकडून, म्हणजे आयुर्मान आणि जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून, मूल्यांकन करून घ्यावे लागे. इथल्या हवेत साहेबांचा मृत्युदर किती, नवरा-बायकोच्या वयात अंतर किती, किती विधवा पुन्हा लग्न करतील, शिलकीवर व्याज किती मिळेल, हे सगळे तो मांडत असे. यातला एक अंदाज जरी चुकला, तरी तूट दिसायला वीस-तीस वर्षे जात. तोवर वर्गणी भरणारी पिढीच निवृत्त झालेली असे.

त्यात रुपया घसरला. 1870 च्या सुमारास एका रुपयाला दोन शिलिंगांच्या (वीस शिलिंगांचा एक पौंड) आसपास असलेला दर 1890 च्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. सरकारची आवक रुपयांत आणि इंग्लंडमधल्या विधवेचे पेन्शन पौंडांत, त्यामुळे प्रत्येक घसरणीचा बोजा इथल्या महसुलावर पडला. त्या बायकांचा यात काहीच दोष नव्हता, पण जोखीम मात्र फंडाशी संबंध नसलेल्या रयतेच्या माथी आली. मला हा अन्यायच वाटतो.

सत्ता जाणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा पेन्शनचे काय, हा प्रश्न आला. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 273 ने कुटुंब पेन्शन फंड भारत सरकारच्या तिजोरीतून काढून स्वतंत्र कमिशनरांच्या हाती सोपवण्याची वाट ठेवली. पुढे भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या जुलै 1948 च्या स्टर्लिंग (पौंड) करारात ब्रिटिश अधिकाऱ्यांची पेन्शने भागवण्यासाठी भारताने केंद्राच्या वाट्याचे 14 कोटी 75 लाख आणि प्रांतांच्या वाट्याचे 2 कोटी 5 लाख पौंड मोजले. वर्षागणिक कमी होत जाणारी ॲन्युइटी त्यातून विकत घेतली गेली. शिल्लक आयुष्यांचा अंदाज घेतल्याशिवाय असा आकडा ठरूच शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी तेव्हा चिंतामणराव देशमुख होते, तेही आयसीएसच, म्हणजे ब्रिटिशांच्या मुलकी सेवेतलेच.

आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी आजच्या स्वरूपाची कुटुंब निवृत्तिवेतन योजना 1 जानेवारी 1964 पासून आली. तिच्यासाठी ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम सोडावी लागे. ती अट 1977 मध्ये गेली.