त्वचापेशींचे आसंजन

त्वचापेशींचे आसंजन : बाह्यत्वचेतील पेशी एकमेकींना आणि खालच्या आधारपटलाला (बाह्यत्वचेखालच्या पातळ पडद्याला) धरून राहतात ती व्यवस्था. ही पकड सुटली की पेशी विलग होतात, मधल्या पोकळीत द्रव साठतो आणि फोड येतो. फोड बाह्यत्वचेच्या कोणत्या पातळीवर आला यावरून कोणता दुवा निकामी झाला हे बऱ्याच अंशी ओळखता येते. म्हणून या विकारांत त्वचेचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला फार महत्त्व आहे.

रचना : बाह्यत्वचेत तळाचा आधारस्तर, त्यावरचा काटेरी पेशींचा स्तर, कणीय स्तर आणि सर्वांत वरचा निर्जीव पेशींचा शृंगी स्तर असे चार थर मानतात. तळहात-तळपायांच्या जाड कातडीत आणखी एक थर दिसतो. आधारस्तरात जन्मलेली पेशी वर सरकत जाऊन साधारण चार आठवड्यांत गळून पडते. त्यामुळे पेशींची पकड घट्ट असावी लागते, आणि ती सतत मोडून नव्याने बांधताही यावी लागते.

या पकडीचा मुख्य आधार म्हणजे डेस्मोसोम. अर्ध्या मायक्रोमीटरहून लहान अशा या चकत्या शेजारच्या दोन पेशींच्या पटलांवर समोरासमोर बसलेल्या असतात. दोन पटलांमध्ये सुमारे ३० नॅनोमीटरची फट असते. डेस्मोग्लीन (मानवात चार प्रकार) आणि डेस्मोकोलीन (तीन प्रकार) ही कॅडहेरीन कुळातली (पेशींना एकमेकींशी जोडणारी) प्रथिने दोन्ही बाजूंनी या फटीत येऊन एकमेकांत गुंततात. पेशीच्या आतल्या अंगाला प्लाकोग्लोबिन, प्लाकोफिलिन आणि डेस्मोप्लाकिन ही प्रथिने त्यांना केराटिन या चिवट प्रथिनाच्या तंतूंशी बांधतात. एका पेशीवर आलेला ताण अशा रीतीने तंतूंवाटे पुढच्या पेशींत वाटला जातो. डेस्मोसोमच्या जोडीला अॅक्टिन तंतूंशी जोडलेले आसंजक सांधेही असतात. आधारस्तरातील पेशी खालच्या आधारपटलाला अर्धडेस्मोसोमने धरून असतात. त्यांची प्रथिने मात्र अगदी निराळी आहेत, आणि नामसाधर्म्यामुळे विद्यार्थ्यांचा इथे नेहमी घोटाळा होतो.

कॅडहेरिनांना पकड घेण्यासाठी कॅल्शियम लागते. उंदराच्या त्वचापेशी कमी कॅल्शियमच्या माध्यमात वाढवल्या तर त्या सुट्या सुट्या पसरतात, आणि कॅल्शियम वाढवताच डेस्मोसोम बांधून एकमेकींना बिलगतात, हे १९८० मध्ये दाखवले गेले. तेव्हापासून ही पद्धत या अभ्यासाची पायाभूत रीत झाली आहे. पुण्यात विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) पुरवले जातात. मानवी त्वचापेशींचा, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला हॅकॅट हा वंशही त्यांत आहे.

डेस्मोसोमच्या शोधाविषयी : काटेरी स्तरातील पेशींवरच्या ‘काट्यां’चे वर्णन माक्स शुल्ट्झ आणि ज्युलिओ बिझोझेरो या दोघांनी १८६० च्या दशकात, जवळजवळ एकाच सुमारास केले. पहिले श्रेय कोणाचे याबद्दल एकवाक्यता नाही. शुल्ट्झ यांच्या मते शेजारच्या पेशींचे काटे एकमेकांच्या खाचांत अडकतात. बिझोझेरो यांनी काट्यांच्या मधोमध बारीक गाठी पाहिल्या आणि त्या दोन पेशींच्या भेटीच्या जागा होत असे सुचवले. पुढे मात्र हे काटे म्हणजे पेशीद्रव्य एका पेशीतून दुसरीत नेणारे पूल आहेत, ही समजूत रूढ झाली आणि ती बराच काळ टिकली. ‘आंतरपेशीय सेतू’ ही संज्ञा तिचेच अवशेषरूप असून विकृतिशास्त्राच्या पुस्तकांत अजून आढळते. डेस्मोसोम हे नाव योझेफ शाफर यांनी साधारणपणे १९२० मध्ये दिले, असे मानतात. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पेशींची पटले अखंड आणि वेगळी दिसली. ऑडलंड यांच्या १९५८ च्या निबंधानंतर सेतूचा सिद्धांत मागे पडला. उपलब्ध साधनांची मर्यादा पाहता बिझोझेरो यांचे निरीक्षण सर्वांत अचूक होते, असे म्हणणे योग्य ठरेल.

पेम्फिगस : आसंजन निकामी होण्याचा हा सर्वांत अभ्यासलेला प्रकार. शरीराची प्रतिकारयंत्रणा डेस्मोग्लीनांविरुद्धच प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते. साध्या पेम्फिगसमध्ये (पेम्फिगस व्हल्गॅरिस) डेस्मोग्लीन ३ आणि पुष्कळदा डेस्मोग्लीन १ ही लक्ष्ये असतात. पापुद्री पेम्फिगसमध्ये (पेम्फिगस फोलिएशस) फक्त डेस्मोग्लीन १ लक्ष्य असते.

साध्या पेम्फिगसची सुरुवात बहुधा तोंडात होते. गालांच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर सोललेल्या जागा दिसतात, तिखट सोडाच, भाकरीचा तुकडाही लागतो. घरी ‘तोंड आलंय’ म्हणून जाईचा पाला चघळणे, तूप लावणे, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेणे चालू राहते आणि यात कित्येक महिने जातात. अंगावर फोड उठले की मग त्यांना नागीण म्हटले जाते. नागीण शरीराच्या एका बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि काही आठवड्यांत ओसरते. पेम्फिगसचे फोड दोन्ही अंगांना येतात, सैल असतात, लगेच फुटतात आणि त्यांच्या जखमा आपणहून भरत नाहीत. परकराच्या नाडीखाली किंवा पिशवीच्या पट्ट्याखाली, जिथे कपडा घासतो तिथे, कातडी आधी सुटते. तीन आठवड्यांत बरे न झालेले तोंड त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, एवढे कळले तरी पुष्कळ रुग्णांचे हाल वाचतील.

तपासणीत निरोगी दिसणारी कातडी अंगठ्याने दाबून बाजूला सरकवली तर वरचा थर निसटतो. हे निकोल्स्की यांचे लक्षण (१८९६). ताज्या फोडाचे छत उघडून तळ बोथट पात्याने हलकेच खरवडायचा, तो काचपट्टीवर पसरून गीम्सा रंजकाने रंगवायचा, की शेजाऱ्यांपासून सुटलेल्या गोल पेशी दिसतात. केंद्रक मोठे, आणि पेशीद्रव्याचा गडद रंग कडेला जमलेला. झँक यांनी १९४७ मध्ये रूढ केलेली ही चाचणी काही मिनिटांत आणि अगदी अल्प खर्चात होते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तिचे मोल आजही कमी झालेले नाही. त्वचेच्या तुकड्यात फट आधारस्तराच्या लगेच वर असते. आधारपेशी खाली आधारपटलाला घट्ट राहतात आणि आपापसांत सुटतात, म्हणून त्या कबरीच्या दगडांच्या रांगेसारख्या उभ्या दिसतात. निदानाची खात्री मात्र प्रतिदीप्ती तपासणीने (त्वचेत चिकटलेली प्रतिपिंडे चमकत्या रंजकाने दाखवणाऱ्या तपासणीने) होते. तिच्यासाठी तुकडा फोडाच्या शेजारच्या कातडीतून घ्यावा लागतो आणि तो फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही. मिशेल द्रावणात किंवा थोड्या अवधीसाठी सलाइनमध्ये ठेवावा. ही एक चूक झाली की तपासणी वाया जाते.

पेशी सुटण्याची कारणमीमांसा : पेशी विलग होण्याच्या क्रियेला आउस्पिट्झ यांनी १८८१ मध्ये अॅकॅन्थोलिसिस हे नाव दिले. ती पेम्फिगसचे वैशिष्ट्य आहे, हे सिव्हात यांनी १९४३ मध्ये दाखवले. या आधारावर लिव्हर यांनी १९५३ मध्ये आधारपटलापाशी फोड येणारा पेम्फिगॉइड हा वेगळा रोग ठरवला. १९६४ मध्ये ब्यूटनर आणि जॉर्डन यांना रुग्णांच्या रक्तद्रवात पेशींच्या सीमांना चिकटणारी प्रतिपिंडे आढळली. १९८२ मध्ये रुग्णांची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचून फोड आणता आले. १९९१ मध्ये अमागाई आणि सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडांचे लक्ष्य कॅडहेरीन कुळातले असल्याचे दाखवले.

प्रतिपिंड चिकटल्यावर पकड नेमकी कशी सुटते, यावर मतभेद आहेत. प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइमे) पेशी सोडते, हे जुने मत आता फारसे मानले जात नाही. प्रतिपिंड डेस्मोग्लीनच्या जोडणीच्या जागीच बसून अडथळा करते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार पेशीच्या आत संदेशमार्ग चेतवले जातात, डेस्मोग्लीन पटलावरून आत ओढले जाते आणि नवे डेस्मोसोम बांधले जात नाहीत. काही संशोधक अॅसिटिलकोलीनच्या ग्राहींसारख्या अन्य लक्ष्यांनाही तितकेच महत्त्व देतात. फोड येण्यासाठी प्रतिपिंडाचा एकच बाहू पुरतो, पूरक प्रथिनांची (प्रतिपिंडांना साथ देणाऱ्या रक्तातील प्रथिनांची) गरज पडत नाही, आणि डेस्मोग्लीन ३ नसलेल्या उंदरांच्या तोंडात तशाच जखमा होतात. हे पाहता डेस्मोग्लीनच केंद्रस्थानी असावे. अडथळा आणि संदेश हे दोन्ही मार्ग एकत्र काम करत असण्याचा संभव अधिक.

फोड कुठे येतील याचा उलगडा १९९९ मधील ‘भरपाई’च्या उपपत्तीने बराचसा होतो. डेस्मोग्लीन १ त्वचेच्या वरच्या थरांत जास्त, तर डेस्मोग्लीन ३ खालच्या थरांत आणि तोंडाच्या अस्तरात जास्त. एक निकामी झाले तरी दुसरे पुरेसे असेल तर पेशी सुटत नाहीत. त्यामुळे पापुद्री पेम्फिगसमध्ये तोंड शाबूत राहते. नवजात बालकाच्या त्वचेत मात्र डेस्मोग्लीन ३ सर्व थरांत पसरलेले असते. म्हणून साधा पेम्फिगस असलेल्या आईचे बाळ काही वेळा फोड घेऊन जन्मते, आणि पापुद्री प्रकारात बाळ सहसा सुखरूप असते. आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरली की बाळाचे फोडही जातात.

उपचार : स्टेरॉइडे येण्यापूर्वी साध्या पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. १९५० च्या दशकानंतर चित्र पालटले, पण मोठ्या मात्रेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मधुमेह, जंतुसंसर्ग, हाडे ठिसूळ होणे हे त्रास मागे लागले. यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी वेगळी योजना आखली. तीन दिवस रोज १०० मिग्रॅ. डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) आणि त्यांतल्या एका दिवशी ५०० मिग्रॅ. सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) शिरेतून, असे दर २८ दिवसांनी, आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची रोज गोळी. भारतातील त्वचारोग विभागांत ही पद्धत रुळली आणि तिने असंख्य रुग्णांना आयुष्य परत दिले. सायक्लोफॉस्फामाइडने वंध्यत्व येऊ शकते, हा तिचा मोठा दोष. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचा स्रोत आटवणारे रिटुक्सिमॅब आता अनेक ठिकाणी पहिल्या पसंतीचे झाले आहे. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी करतात.

सोललेल्या अंगाला चादर चिकटते आणि ती काढताना उरलीसुरली कातडी निघते. अशा रुग्णाला केळीच्या पानांवर निजवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पान गुळगुळीत, थंड, स्वस्त आणि न चिकटणारे असते. शुश्रूषेचा हा भाग औषधांइतकाच महत्त्वाचा आहे.

इतर विकार : लहान मुलांत स्टॅफिलोकॉकस जीवाणूचे विष डेस्मोग्लीन १ ला एका ठरावीक जागी कापते (हे २००० मध्ये सिद्ध झाले) आणि अंगावरची कातडी भाजल्यासारखी सुटते. तोंड वाचते, कारण तिथे डेस्मोग्लीन ३ असते. वेळीच प्रतिजैविक मिळाले तर मूल सहसा डाग न राहता बरे होते. हेली-हेली (१९३९) आणि दारिए (१८८९) या आनुवंशिक विकारांत दोष पेशीच्या आतल्या कॅल्शियम पंपांत असतो. हेली-हेलीचे चट्टे काखा-जांघांत घामाने चिघळतात, म्हणून पुण्यात एप्रिल-मे या रुग्णांना जड जातात. एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात रोगगटात केराटिन, अर्धडेस्मोसोम किंवा त्याखालच्या प्रथिनांत दोष असून किरकोळ घर्षणानेही फोड येतात.

डेस्मोसोम हृदयाच्या स्नायूतही असतात. ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावर आढळलेल्या विकारात प्लाकोग्लोबिनचा आणि कार्व्हाहाल विकारात डेस्मोप्लाकिनचा जनुकदोष असतो. दोन्हींत लोकरीसारखे कुरळे केस आणि जाड तळवे बालपणीच दिसतात, हृदयविकार मागाहून उघड होतो. केस आणि तळवे असे एकत्र दिसणाऱ्या मुलाचा हृद्‌विद्युत् आलेख काढून घ्यावा आणि हृदयाची सोनोग्राफी पुढेही ठरावीक काळाने करत राहावी.