फिल्म इन्स्टिट्यूटचा खर्च कुणी उचलायचा?

लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट खासगी होणार, बंद होणार, ही कुजबुज पुणेकरांना नवी नाही. दर काही वर्षांनी ती उठते आणि दर वेळी गोष्ट प्रभातपासून सांगावी लागते.

कोल्हापुरात 1929 मध्ये निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात, आज इन्स्टिट्यूट आहे त्याच जागी आली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (1936) याच आवारात उभा राहिला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बुडाली. तोवर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने 1951 च्या अहवालात सरकारी प्रशिक्षण संस्थेची शिफारस केलेली होती. ती 1960 मध्ये इथेच निघाली. म्हणजे धंद्याला जिथे टाळं लागलं, नेमकं तिथेच केंद्र सरकारने सिनेमाची शाळा काढली. 'स्वतःच्या पायावर उभे राहा' असं सांगणाऱ्यांना जागेचा हा इतिहास सहसा आठवत नाही.

1974 मध्ये दिल्लीतला दूरदर्शन प्रशिक्षणाचा विभाग पुण्यात आला आणि संस्था सोसायटी म्हणून नोंदली गेली. कागदावर स्वायत्त, पण अनुदान माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचं आणि अध्यक्षाची नेमणूकही त्याचीच. पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे.

दुसरं मूळ खर्चात. बी.ए.च्या वर्गाला फळा आणि मास्तर पुरतात. इथे परीक्षा म्हणजे फिल्म. त्यासाठी कॅमेरा, दिवे, सेट, ध्वनिमुद्रण, संकलनाची खोली आणि डिजिटल येईपर्यंत कच्ची फिल्म व लॅबचं बिल. एकाच स्टुडिओसाठी सगळ्यांना थांबावं लागतं. एकाची डिप्लोमा फिल्म रखडली की मागचेही रखडतात. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असा लांबत गेला आणि जुन्या बॅच वसतिगृहातच राहिल्या. बाहेरच्याला वाटतं, पोरं फुकट राहतात. 2015 मध्ये 2008 च्या बॅचच्या अर्धवट फिल्म आहेत तशाच तपासायचं ठरलं तेव्हा संचालकांना घेराव पडला आणि मध्यरात्री विद्यार्थ्यांना अटक झाली. तो 139 दिवसांचा संप अध्यक्षपदावरच्या नेमणुकीचा म्हणून लक्षात राहिला, पण रखडलेल्या फिल्मचं हे दुखणं त्याच्याही आधीचं.

बंद करण्याचे प्रयोग इथे तुकड्यातुकड्यांनी झालेत. नसीरुद्दीन शाह, शबाना आझमी, ओम पुरी घडवणारा अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद केला, तो परतला 2004 मध्ये. 2010 मध्ये एका सल्लागार कंपनीने खासगी भागीदारीचा आराखडा मांडला. विद्यार्थ्यांनी तो हाणून पाडला. मग शुल्कवाढ आली. दरवर्षी 10 टक्के वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण आठ वर्षांत आकडा दुपटीच्या पुढे जातो. डिसेंबर 2019 मध्ये त्यावरून उपोषण झालं.

जवळच, त्याच रस्त्यावर, 1964 पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 2022 मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केलं गेलं. इमारत तिथेच आहे, फिल्मचे डबेही तिथेच. हिशेब आता महामंडळाच्या वहीत.