मते तीच, निकाल वेगळा

1918 साली ऑस्ट्रेलियात स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. लेबर (मजूर) पक्षाच्या विरोधातली मते फुटली आणि लेबरचा उमेदवार सुमारे 34 टक्क्यांवर निवडून आला. सत्तेवरच्या नॅशनलिस्ट पक्षाने त्याच वर्षी पसंतीक्रमाचा कायदा केला. उमेदवारांसमोर 1, 2, 3 असे आकडे टाकायचे. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसतील तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटायच्या. डिसेंबरात कोरँगमाइट मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत लेबरचे जेम्स स्कलिन पहिल्या पसंतीत आघाडीवर असूनही हरले. निवडणूक पद्धती बदलतात त्या बहुधा अशाच, सत्ताधाऱ्यांचे गणित बिघडले की.

एका जागेसाठी ‘सर्वाधिक मते तो विजयी’ असा नियम असला की दोनच मोठे पक्ष तगतात, हे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युवेर्जे यांनी 1951 मध्ये मांडले. तिसऱ्याला जागा मिळत नाहीत, मग ‘मत वाया जाईल’ म्हणून त्याचे मतदारही दुरावतात. मात्र हा नियम मतदारसंघापुरता चालतो, देशभर चालेलच असे नाही. ब्रिटनमध्ये 2015 ला मतदार देशभर विखुरलेल्या यूकिप (यूके इंडिपेंडन्स पार्टी) या पक्षाला 12.6 टक्के मतांवर 1 जागा मिळाली. फक्त स्कॉटलंडमध्ये लढलेल्या एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी) 4.7 टक्क्यांवर 56.

बेल्जियमने 1899 मध्ये प्रमाणशीर पद्धत (मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा) घेतली, तीही समाजवाद्यांची ताकद वाढत असताना. जागा वाटण्याचे सूत्र बेल्जियमच्याच व्हिक्टर दोंत यांचे: प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3 ने भागायचे आणि सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा द्यायच्या. समजा, मते 100, 80 आणि 30 हजार, जागा 5. मोठे भागाकार 100, 80, 50, 40, 33.3, म्हणजे वाटप 3, 2, 0. भाजक 1, 3, 5 घेतले (सांत-लाग्यू पद्धत) तर तेच वाटप 2, 2, 1 होते. दोंत ठेवून जागा 6 केल्या तरी तिसऱ्या पक्षाला एक मिळते. पद्धतीच्या नावावरून भांडण होते, पण लहान पक्षाचे भवितव्य बऱ्याचदा भाजक आणि जागांची संख्याच ठरवतात.

न्यूझीलंडमध्ये 1978 आणि 1981 ला लेबरला मते जास्त मिळाली, सरकार मात्र नॅशनल पक्षाचे आले. 1981 ला सोशल क्रेडिटच्या 20.7 टक्के मतांना 92 पैकी 2 जागा मिळाल्या. 1993 च्या सार्वमतानंतर 1996 पासून तिथे मतदाराला दोन मते आहेत, एक पक्षाला आणि एक स्थानिक उमेदवाराला. पक्षमतांच्या प्रमाणात जागा हव्या असतील तर 5 टक्के मते किंवा निदान एक मतदारसंघ जिंकावा लागतो. या दुसऱ्या वाटेमुळे मोठा पक्ष एखाद्या मतदारसंघात आपल्याच मतदारांना मित्रपक्षाच्या उमेदवाराकडे वळवतो. पक्षमत तेवढे स्वतःकडे ठेवतो.