पंपावरची दरवाढ शाळेच्या व्हॅनपर्यंत कशी पोहोचली

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॅनकाकांचा मेसेज येतो. ‘नमस्कार. सीएनजी वाढल्यामुळे या वर्षीपासून महिना दोनशे रुपये जास्त द्यावेत, ही विनंती.’ खाली कोणी अंगठा दाखवतं, कोणी गप्प बसतं आणि शेवटी पैसे सगळेच देतात. दुसरी व्हॅन शोधायची तर पुन्हा वेळ जुळवा, पुन्हा नवा माणूस पारखा. हे दोनशे रुपये घरच्या हिशोबात ‘इंधन’ म्हणून कुठेच लिहिले जात नाहीत, ते ‘शाळा’ या रकान्यात जातात. पुण्यात इंधनाचा बराचसा भार असाच दुसऱ्या नावाने घरात शिरतो. पूर्वी तसं नव्हतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. आपल्याकडे पेट्रोल कडाडलं. त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पुण्यातल्या बहुतेक घरांना मात्र या वाढीचा थेट चटका बसला नाही, कारण हे शहर तेव्हा सायकलींचं होतं. पेठांतून कॉलेजला जाणारी पोरं, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत पाळीला निघालेले कामगार, सगळे सायकलवर. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्यामुळे पेट्रोल हा मोजक्या घरांचा विषय होता. बाकीच्यांचं इंधन म्हणजे रॉकेल: रेशनच्या दुकानापुढची रांग, पत्र्याचा डबा आणि स्टोव्हची पिन. मुलांचा इंधनाशी संबंध यायचा तो त्या रांगेत, कारण डबा घेऊन उभं राहायला बहुधा घरातलं पोरगंच पाठवलं जाई.

पुढे १९७४ ते १९७६ च्या दरम्यान एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स अशा परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम त्यांतूनच आल्या. भाव सरकार ठरवायचं. जगात भाव चढला की त्याचा मार ‘ऑइल पूल’ नावाच्या खात्यावर पडायचा आणि ग्राहकापर्यंत यायला बराच काळ जायचा. यायचा तोही एकदम, रात्री बाराच्या ठोक्याला, म्हणून आदल्या संध्याकाळी पंपांवर रांगा. ही व्यवस्था फार शहाणपणाची होती असं नाही. तिचे पैसे शेवटी करदात्याच्याच खिशातून जात. पण घरखर्च बांधणाऱ्या बाईला पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज तरी करता येई.

याच काळात पुणं दुचाकीवर बसलं. १९७२ मध्ये लूना ही मोपेड आली, १९८४ मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा. बिनगिअरच्या गाडीने इथल्या बायकांना मोकळीक दिली ती मोठीच. बँकेत, शाळेत नोकरी करणारी आई पोराला पुढे उभं करून सोडायला जाऊ लागली. पुण्याच्या वाहतुकीचा इतिहास लिहिताना उड्डाणपुलांपेक्षा या गाडीला जास्त जागा द्यावी, असं माझं मत आहे. दुसरीकडे बससेवा मागे पडत गेली. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, पण तोवर सवय बदललेली होती. त्यानंतर दहाएक वर्षांत महापालिकेच्या पर्यावरण अहवालात शहरातल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेला.

शहरही पसरलं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. परवडणारा फ्लॅट धायरीत, उंड्रीत किंवा वाघोलीत आणि हवी असलेली शाळा कोथरूडला किंवा पेठेत, हे चित्र आता कुणाला नवं नाही.

नेमक्या याच वर्षांत सरकारने भावावरचा हात काढून घेतला. सरकारने भाव ठरवायची पद्धत कागदोपत्री १ एप्रिल २००२ ला संपली. पेट्रोल जून २०१० मध्ये खरोखर मोकळं झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू होऊ लागला. पाच-दहा पैशांची वाढ कोण लक्षात ठेवणार? रांगा संपल्या आणि रस्त्यावरची ओरडही कमी झाली.

भाव मोकळा झाला म्हणजे जगात उतरला की इथेही उतरायला हवा. तसं झालं नाही. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली गेलं, पण त्या दीड वर्षात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत तेल मातीमोल झालेलं असताना, पेट्रोलवरचं हे शुल्क लिटरला ३२ रुपये ९८ पैशांवर नेलं. वर राज्याचा व्हॅट आणि अधिभार. तेल पुन्हा चढलं तेव्हा धक्का झेलणारी मधली गादी या करांनी आधीच काढून घेतलेली होती आणि २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोल शंभरीपार गेलं. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने शुल्क कमी केलं, जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवरचा व्हॅट लिटरमागे पाच रुपयांनी उतरवला. तरीही दर शंभराच्या खाली आला नाही.

घरात याचा हिशोब असा. शाळा आठ किलोमीटरवर असेल आणि आई सोडून परत येऊन पुन्हा आणायला जात असेल, तर दिवसाला ३२ किलोमीटर होतात. लिटरला ४५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर शाळेच्या २४ दिवसांना १७ लिटर लागतात. लिटर ७५ ला होतं तेव्हा याचे पावणेतेराशे होत, १०५ ला झालं तेव्हा पावणेअठराशे. वरचे पाचशे म्हणजे एका मुलाचा पोहण्याचा नाहीतर तबल्याचा क्लास. पेट्रोल कमी भरून शाळा जवळ येत नाही. म्हणून कात्री लागते ती क्लासला, वाचनालयाच्या वर्गणीला, आठवड्याच्या फळांना.

मग व्हॅन का नाही? मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या आणि व्हॅनवाल्यांचं उत्पन्न शून्यावर आलं. हप्ते थकले, कुणी गाडी विकली, कुणी तीतच भाजी मांडली. वर्षानुवर्षं शाळेची व्हॅन म्हणून धावलेली मारुती ओम्नी २०१९ मध्येच बंद झाली होती. २०२२ च्या सुरुवातीला शाळा उघडल्या, तेव्हा गाड्या कमी आणि मुलं तितकीच. त्याच वर्षी २२ मार्चपासून सोळा दिवसांत पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी चढलं. राज्याने १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, पण गॅसच इतका महागला की ऑगस्टपर्यंत पुण्यात सीएनजी किलोला नव्वदीपार गेला. रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं सप्टेंबरमध्ये २५ रुपये झालं. रिक्षाला निदान मीटर आहे. व्हॅनचं भाडं ठरवताना २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेच्या परिवहन समितीने लक्ष घालायचं असतं. अशी समिती आपल्या शाळेत आहे हे किती पालकांना ठाऊक असतं, हा प्रश्नच आहे. वाढलेलं भाडं पुढे गॅस उतरला तरी उतरत नाही.

शहराबाहेर हाच मार वेगळ्या वाटेने बसला. भोर, वेल्हे, मुळशीतल्या मुलांचा आधार एसटी. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत. गावांतले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. महिना संपायच्या आत डिझेलचं कारण देऊन एसटीने भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढवलं आणि लगेच कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालला. बसच नाही म्हटल्यावर पास दप्तरात पडून. खाजगी जीपला सवलत ठाऊक नसते. भावाबहिणीपैकी एकालाच पाठवण्याइतके पैसे असले तर कुणाला पाठवायचं, हे अशा घरांत फार वेळ न बोलता ठरतं.

स्वयंपाकाच्या गॅसचं गणित थोडक्यात सांगता येतं. सामान्य ग्राहकाचं अनुदान २०२० च्या मध्यात गुपचूप बंद झालं. सहाशेच्या आत असलेला सिलिंडर २०२२ मध्ये हजाराच्या वर गेला, पुढे अकराशेपर्यंत. ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे आणि मार्च २०२४ मध्ये शंभर रुपये कमी झाले, एप्रिल २०२५ मध्ये पन्नास पुन्हा चढले.

घरी हात आखडला की शाळेच्या खिचडीवर भिस्त वाढते. त्या खिचडीचाही दर ठरलेला असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन मिळून २०२० मध्ये ४ रुपये ९७ पैसे धरले होते. सिलिंडर जवळपास दुप्पट होईपर्यंत हा आकडा हलला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ५ रुपये ४५ पैसे झाला. महाराष्ट्रात इंधन आणि भाजीपाला यांचे पैसे एकत्रच येतात. खिचडी शिजायला लागतो तेवढा जाळ लागतोच, तेव्हा शिजवणाऱ्या बाईला हात राखायचा तर तो भाजीतच राखता येतो. मे २०२५ मध्ये हा दर ६ रुपये ७८ पैसे झाला.