दिव्यांग हक्कांच्या वकिलीची सुरुवात सर्व्हिस मॅटरपासून का होते

दिव्यांग हक्कांचं काम करायचं ठरवून सनद घेतलेल्या नव्या वकिलाकडे पहिली फाइल बहुधा नोकरीची (म्हणजे सर्व्हिस मॅटर) नाहीतर प्रवेश परीक्षेची येते. कोणाचा लेखनिक नाकारलेला असतो, तर कोणाला मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवलेलं असतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात घर, दवाखाना, मतदान, वाहतूक, छळ असं सगळं आहे, पण कोर्टाच्या बोर्डावर दिसतात ती मुख्यतः भरतीची प्रकरणं. ही घडण जुनी आहे.

1993 साली सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देऊ द्या, असं सांगितलं तेव्हा दिव्यांगांच्या समान संधीचा स्वतंत्र केंद्रीय कायदाच नव्हता. तो 1995 साली झाला. त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार आणि सरकारी नोकरीत 3 टक्के राखीव जागा होत्या. ही टक्केवारी कशाची, यावर पुढची जवळजवळ दोन दशकं गेली. खात्यांनी सोयीचा अर्थ लावला: आधी 'योग्य पदं' निश्चित करायची, मग फक्त त्या पदांच्या 3 टक्के जागा द्यायच्या. पदं निश्चितच केली नाहीत तर आरक्षणही नाही. हा पळवाटेचा दरवाजा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2010 साली बंद झाला आणि 2013 साली हिशोब संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर करायचा, हे ठरलं. या शाखेतले वकील तयार झाले ते याच लढाईत. रोस्टर (राखीव जागांचा ठरलेला क्रम), अनुशेष (न भरलेल्या राखीव जागा), जाहिरातीतली अट हीच त्यांची भाषा झाली.

दुसरं कारण दाद मागण्याच्या जागेचं. कायद्याने दिव्यांगांसाठी आयुक्त नेमले, पण त्यांना मनाई हुकूम देता येत नाही, हे 2010 साली स्पष्ट झालं. 2016च्या कायद्यातही त्यांच्या हाती शिफारसच राहिली. ती मानायची नसेल तर खात्याने तीन महिन्यांत कारणं कळवायची, एवढंच. म्हणजे ठोस आदेश हवा असेल तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालय गाठायचं. तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस सुरू करणाऱ्याला हे क्षेत्र लांबचं वाटतं, याचं मूळ इथे आहे. अत्याचाराच्या गुन्ह्यांसाठी सत्र न्यायालयांना विशेष न्यायालयं म्हणून नेमण्याची तरतूद आहे, पण तिथल्या विशेष सरकारी वकिलाला किमान सात वर्षांची वकिली लागते. जिल्ह्यात नवख्याला खरा वाव विधी सेवेच्या पॅनेलवर. 1987च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट पक्षकारांना सोडाच, कित्येक वकिलांनाही ठाऊक नसते.

आता सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाबद्दल या वर्तुळात अजूनही आवाज चढतात, तो 2019चा. तामिळनाडूत दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीत दृष्टी आणि श्रवण दिव्यांगांसाठी 40 ते 50 टक्के अशी मर्यादा घातली होती. अर्ज करणारा वकील 70 टक्के दृष्टिबाधित होता. अट बारकाईने पाहा: 40च्या खाली दिव्यांगत्व असेल तर आरक्षण नाही आणि 50च्या वर असेल तर पात्रता नाही. राखीव जागा ठेवायची आणि तिच्यात शिरायला दहा टक्क्यांची फट ठेवायची, असा हा प्रकार. न्यायालयाने ती अट योग्य ठरवली. न्यायाधीशाला ऐकणं, पाहणं, बोलणं या क्षमता ठरावीक प्रमाणात हव्यातच, असा एकूण रोख होता. निकालाची बाजू घेणारे म्हणतात की भरती 2014ची होती, लागू कायदा 1995चा होता, त्याच चौकटीत उत्तर दिलं गेलं. तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. पण संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने 2007 सालीच मान्य केला होता आणि तो मानला की पहिला प्रश्न येतो, या माणसाला काम करता यावं म्हणून काय सोय द्यावी लागेल? 2019 साली त्या प्रश्नाला जागाच मिळाली नाही.

2021 साली लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात न्यायालयाने लेखनिक मिळण्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही असं सांगितलं आणि त्याच निकालात 2019चा निकाल यापुढे बंधनकारक नाही, असंही नोंदवलं. वाजवी सोयीचं तत्त्व त्यात विचारातच घेतलं नव्हतं, हे कारण. नव्या वकिलाने हा निकाल मुळातून वाचावा. गाइडमधले चार ओळींचे सारांश त्याचं वाटोळं करतात.

तरी दार पूर्ण उघडलं नव्हतं. मध्य प्रदेशच्या नियमांत दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून सरळ वगळलं होतं. एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि मार्च 2025 मध्ये तो नियम रद्द झाला. तीन वर्षांची वकिली किंवा कायद्याच्या पदवीला पहिल्याच प्रयत्नात 70 टक्के गुण ही जादा अटही दिव्यांग उमेदवारांपुरती गेली. पुढच्या महिन्यात बँकेच्या डिजिटल केवायसीचा निकाल आला. फोटो घेताना स्क्रीनवर 'पापण्या मिचकावा' अशी सूचना येते. ॲसिडने चेहरा आणि डोळे गेलेल्या माणसाने तिथे काय करायचं? न्यायालयाने डिजिटल सोयींपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नोकरीबाहेरचं काम या शाखेत आता कुठे जोर धरतंय.

मे 2025 मध्ये मात्र न्यायिक सेवेच्या प्रवेशासाठी तीन वर्षांची वकिली देशभर पुन्हा सक्तीची झाली. ती तात्पुरत्या सनदेपासून मोजतात, न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेलं कामही धरतात, पण बाकीच्यांना दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं, न्यायिक अधिकाऱ्याने शिक्कामोर्तब केलेलं प्रमाणपत्र किंवा थेट स्थानिक मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला लागतो. सनदेचं शुल्क 2024च्या निकालाने 750 रुपयांवर आणलं, तो अडसर हलका झाला. चेंबर कुणाचं मिळतं, हा प्रश्न तसाच आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा सिनिअर, स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) अक्षरही न वाचता येणारी, स्कॅन केलेली पेपरबुकं (खटल्याच्या कागदांचे गठ्ठे) आणि ज्युनियरला कोर्टात पळवण्याची रीत, यांच्यात ही तीन वर्षं काढायची आहेत. मार्चमध्ये काढलेली अट मेमध्ये सगळ्यांसाठी परत आली आणि या दोन निकालांचा मेळ कसा घालायचा हे आता भरतीच्या प्रत्येक जाहिरातीगणिक भांडावं लागणार.